वादी गैरहजर

‘कचरू शिवाजी बोर्डे, हाजीर हो’ ही हाक अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी झाली आणि ती त्याने ऐकली. हे आधी सांगायला हवं, कारण कोर्टाच्या कागदावर आता ‘वादी गैरहजर’ असं लिहिलेलं आहे. तो गैरहजर नव्हता. भोकरदन तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, दारापासून पंधरा पावलांवर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या सिमेंटच्या बाकावर तो साडेदहापासून बसून होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घराचा उतारा, बोळीचे चार फोटो आणि खालच्या कोपऱ्यात आईचा अंगठा असलेला एक कागद. पहिली हाक झाली तेव्हा त्याच्या कानामागून काहीतरी गार सरकत मानेवर उतरलं. दुसरी झाली तेव्हा त्याने घड्याळात पाहिलं. तिसऱ्या वेळी शिपाई दारातून पुढे आला, बाकावरच्या माणसांवरून नजर फिरवत त्याच्यापाशी थांबला आणि हाकेचा सूर सोडून साध्या आवाजात म्हणाला, “कचरू बोर्डे तुम्हीच का हो?” “नाही,” तो म्हणाला. हा शब्द इतक्या सहज आला, की शिपायानं मान हलवली, टाकीचं पाणी प्यायला आणि आत गेला.

एक दहाच्या जालना गाडीत तो तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसला. तिकीट जालन्याचं काढलं, स्वतःच्या घराचं. केदारखेड्याचं काढायला हवं होतं, तिथे आई वाट पाहत होती, पण कंडक्टरनं “कुठं, सर?” विचारल्यावर तोंडातून जालनाच बाहेर पडलं. गाडी स्टँडमधून वळते न वळते तोच अण्णासाहेब वकिलांचा फोन आला. “सर, कुठं होते तुम्ही? मी बाजूच्या कोर्टात उलटतपासणीला उभा. म्हणलं पुकारा झाला तं सर उभे राहतील, ‘वकील येऊन राह्यले’ एवढं म्हणतील. एवढंच म्हणायचं होतं हो. पुराव्याला आज शेवटची संधी होती. दावा गैरहजेरीत खारीज झाला.” त्यानं विचारलं, खारीज म्हणजे नेमकं काय. गणित शिकवणाऱ्या माणसानं विचारावं असा हा प्रश्न नव्हता. त्याला अर्थ माहीत होता, फक्त तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायला हवा होता. “म्हणजे दावा गेला, सर. आणि दाव्याबरोबर जैसे थे बी गेलं. तिकडं धर्मराजला आता कोणी अडवू शकत न्हाई. पण महिन्याच्या आत अर्ज टाकता येतो, दावा पुन्हा उभा करा म्हणून. महिना कशाला, मी उद्याच टाकतो, सोबत मनाईचा बी टाकतो. फक्त कारण पाहिजे. पुरेसं कारण. का हजर नव्हते? पाच वाजेपर्यंत सांगा मला.” फोन बंद झाला तेव्हा एक वाजून सोळा मिनिटं झाली होती. म्हणजे पावणेचार तास. त्यानं मनातल्या मनात ही वजाबाकी दोनदा केली आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आल्याचं त्याला भय वाटलं.

जैसे थे. तीन वर्षांपूर्वी कोर्टानं हा हुकूम दिला तेव्हा आईनं तो शब्द पाहुण्याचं नाव विचारावं तसा दोनदा विचारून घेतला होता. मग तिनं त्याला घरातच घेतलं. “आपला जैसे थे हाये ना रं?” ती फोनवर विचारायची, जसा एखादा दीर किंवा भाचा ओसरीवर झोपायला आलेला असावा. “जैसे थे हाये तवर मी कोन्हाला भेत न्हाई.” आईच्या घराच्या दारापासून सडकेपर्यंत सहा फुटांची बोळ आहे. तिच्या एका अंगाला शेजारच्या धर्मराजच्या चुलत्याच्या गोठ्याची मागची भिंत, दुसऱ्या अंगाला धर्मराजचं अंगण. बोळ आपली आहे, असं धर्मराजचं म्हणणं. त्याच्या आज्यानं जाऊ दिलं, बापानं जाऊ दिलं, म्हणून ती तुमची होत नाही. तिथे भिंत आली की आईच्या घराचं दार भिंतीत उघडेल. या घराला दुसरं दार नाही. वडील शिवाजी बोर्डे बांधकाम खात्याच्या गँगवर रस्ते दुरुस्त करत हिंडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटेवर खडी पसरली आणि स्वतःच्या वाटेचा कागद करायचा राहून गेला. तो शब्द, जैसे थे, आज दुपारी त्या घरातून उठून गेला होता आणि आईला हे अजून माहीत नव्हतं. का माहीत झालं होतं? धर्मराजचे वकील तर आत हजर होते. फोनला किती वेळ लागतो?

त्यानं खिडकीचा गज धरला. गज उन्हानं तापला होता, तरी हात गारच. रस्त्याच्या कडेला डांबरावर मका वाळत घातला होता आणि गाडी त्याला वळसा घालून जात होती. शेजारी बसलेली बाई पिशवीतली कोथिंबीर निवडत होती. सगळं बरोबर चाललं होतं, आणि तरी त्याला वाटत होतं की कोणीतरी मागच्या बाकांवरून नाव विचारत विचारत पुढे येतंय.

हरिओम नसता तर तो उठला असता का? हा प्रश्न त्यानं स्वतःला न्यायाधीशासारखा घातला आणि साक्षीदारासारखा चाचरला. हरिओम साडेअकराला आला. सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता कुठल्याशा बँकेत. कर्जाच्या केसचे कागद घेऊन एका सहकाऱ्याबरोबर आला होता. “के. एस. सर! तुम्ही इकडं?” तो पायाला वाकला आणि सहकाऱ्याला म्हणाला, “हे आमचे कैलास सर. जालन्यात गणितात यांच्या तोडीचा माणूस न्हाई. यांनी नसतं शिकवलं तं मी आज म्हशी राखत असतो.” कैलास. हे नाव त्यानं स्वतः कधी घेतलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी एका सत्काराच्या प्रमाणपत्रावर कोणीतरी ‘के’चा अंदाज बांधून कैलास लिहिलं, आणि त्यानं दुरुस्त करायला दिलं नाही, एवढंच. क्लासच्या पाटीवर ‘के. एस. बोर्डे सर’ आहे. वर्गात हजेरी घेताना तो मुलांची नावं घेत नाही, नंबर घेतो; मुलांना ती शिस्त वाटते. हरिओमनं फोन उंच धरून तिघांचा फोटो काढला. आणि फोटो पाठवता पाठवता ती हाक झाली. हरिओमनं मान वर केली, हसला. बोर्डे आडनाव या भागात घरोघर, त्याला शंकाही आली नाही. “कचरू! काय एकेक नाव ठेवतात, सर, लेकरांची. आईबापाला काही वाटत नसंल का?” आणि तो हसला. हरिओम नव्हे, तो स्वतः. नुसतं ओठ हलवणं नव्हे. त्याच्या घशातून आवाज आला. हे त्याला आता बसमध्ये आठवलं तसा त्यानं तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या बाईनं कोथिंबिरीची पिशवी बाजूला घेतली. “वकता काय, भाऊ? खिडकी उघडी करा.” खिडकी उघडीच होती.

त्याच्या आधी दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही सहा महिन्यांच्या आत गेली. म्हणून तो जन्मला त्या दिवशी आजीनं त्याला गावाबाहेर नेऊन उकिरड्यावर ठेवला. ठरल्याप्रमाणे एका शेजारणीनं उचलला आणि ओंजळभर ज्वारीच्या बदल्यात आईला परत दिला. टाकलेलं, विकत घेतलेलं लेकरू. याच्याकडे मरण ढुंकून बघत नाही. वडिलांना हे पटलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली घरातले देव टोपलीत घालून पूर्णेत सोडले होते. उकिरडा, उतारा, नजर, या सगळ्याची त्यांना चीड. आजी म्हणाली होती, “धर्म बदलला, बाबा, पन मरनाला कुठं कळवलंय आपून?” देव नदीत गेले, भेव घरात राहिलं. ते भेवच त्याचं नाव झालं. आणि त्याला एक नियम मिळाला, जो आई बेबीनंदानं तो चालायला लागल्यापासून सांगितला: दाराबाहेरून कोणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. “दोन हाका त्याच्या, मरनाच्या असतात. त्याला तिसरी मारता येत न्हाई. तिसरी मान्साची. तिसरीला ओ दे. तिसरी बी सोडली, तं बोलवनारा समजतो आत कोन्ही न्हाई, आन निघून जातो.” शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव घेतलं आणि तो गप्प बसला, दुसऱ्यांदा गप्प, तिसऱ्यांदा ओ म्हणाला, मास्तरांनी कान पिळला आणि धर्मराज, जो त्याच वर्गात पुढच्या ओळीत होता, मागे वळून हसला. आज सकाळी पहिल्या दोन हाकांना तो त्या नियमावर बसून होता. तिसरीला उठायचं, असं त्यानं खरंच ठरवलं होतं, तोवर हरिओम आत निघून जाईल असा हिशोब होता. हरिओम गेला नाही. मग तिसरी हाक माणसाच्या आवाजात, चेहऱ्यासमोर आली, आणि आत कोणी नव्हतं.

पुरेसं कारण. ताप आला होता, सर्टिफिकेट जोडतो. गाडी चुकली. मुलगी आजारी. अक्षता. गेल्या वर्षी दहावीचा फॉर्म भरताना ती त्याच्याजवळ आली होती, पेन ओठाला लावून. “पप्पा, मधलं नाव पूर्ण लिहू का, का नुसतं के?” तिनं हे फार हळू विचारलं होतं, आजारी माणसाला विचारावं तसं. फॉर्मवर पूर्णच लिहावं लागतं, असं तो म्हणाला होता, नियम सांगितल्यासारखं. ती लिहीत असताना तो उठून बाल्कनीत गेला होता.

ताप. त्यानं हा शब्द मनात लिहून पाहिला आणि त्याच क्षणी फोटो आठवला. त्यानं मोबाईल काढला. हरिओमनं स्टेटस ठेवलं होतं: ‘आमचे गुरुवर्य के. एस. सर, अचानक भेट’. फोटोत तो मधोमध, मांडीवर पिशवी. खांद्यामागे कोर्टाचं दार, दारावर चिकटवलेली आजच्या केसेसची यादी, आणि हातात कागद घेऊन बाहेर येणारा शिपाई, हाकेसाठी तोंड उघडत असलेला. कोपऱ्यात वेळ. किती जणांनी पाहिलं असेल? हरिओम भोकरदनचाच. भोकरदन ते केदारखेडा केवढं अंतर, कोणाचा मावसभाऊ कोणाच्या फोनमध्ये. उद्या तापाचं सर्टिफिकेट दिलं आणि परवा धर्मराजच्या वकिलानं हा फोटो टेबलावर ठेवला, तर? हरिओमला सांगून फोटो काढून टाकायला लावता येईल. त्यानं लिहायला घेतलं: ‘हरिओम, तो फोटो काढून टाक.’ का, सर? असं तो विचारणार. मग लिहावं लागणार, की ती हाक माझी होती. खोटं बोलायचं तरी आधी ते नाव सांगावं लागणार होतं. त्यानं अक्षर अक्षर खोडलं. एक अक्षर खोडताना दोन उमटत होती.

“केदारखेडा!” कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कोथिंबीरवाली उठली. “केदारखेडा कोण? चला, जल्दी.” खिडकीतून सडक दिसत होती, सडकेपलीकडे चहाची टपरी, आणि टपरीच्या सावलीला आई उभी होती, डोक्यावर पदर, एका पायातली चप्पल काढून त्या पायानं दुसरा पाय खाजवत. ती प्रत्येक खिडकीत बघत पुढे येत होती. अजून दोन खिडक्या. त्यानं डोकं मागे घेतलं. समोरच्या बाकाच्या पत्र्यावर कोणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं, ते तो वाचू लागला. “केदारखेडा संपलं का?” कंडक्टरनं तिसऱ्यांदा विचारलं आणि हात दोरीकडे नेला.

“मी,” तो ओरडला. गाडीतली माणसं वळून बघू लागली. “मी आहे. कचरू.”

“नाव कोणी विचारलंय, सर?” कंडक्टर म्हणाला. “तिकीट जालन्याचं, उतरता इथं. उतरा आता.”

आई गाडीच्या दाराशीच आली. पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागली. पन्नास पावलं गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, “धर्मराज येऊन गेल्ता. म्हणला, काकू, जैसे थे गेला.” मग चालता चालता, “तू होतास ना तिथं?” “होतो.” “मंग?” तिनं मागे वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जसं लहानपणी अंगाला हात न लावता नुसतं पाहून ताप ओळखायची, आणि पुन्हा चालू लागली. यानंतर तिनं तो प्रश्न कधीच विचारला नाही.

बोळीच्या तोंडाशी पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली होती. मैदानावर मारतात तशी, या भिंतीपासून त्या अंगणापर्यंत, सरळ, ताजी. वाऱ्यानं अजून विस्कटलेलीही नव्हती. रेघेच्या दोन टोकांना खुंट्या आणि खुंट्यांना दोरी. अंगणात विटांचा ट्रॅक्टर उभा होता आणि दोन मजूर विटा उतरवत होते. एक फेकत होता, एक झेलत होता, आणि दर झेलीला एकसारखा आवाज होत होता. धर्मराज खुर्ची टाकून बसला होता. तो लगेच उठला. “ये, कचरू. पानी घेतो? आताशी फोन आल्ता. मानसं मोकळीच होती, म्हणलं आखून तं घेऊ, उद्या सकाळी पाया खांदू.” त्याचा आवाज नेहमीचा होता, उलट थोडा मऊ. त्याला हाच मऊपणा घाबरवत होता. “मनात काही धरू नको. कोर्टाचंच काम हाये ते. आन काकूचं म्हणशील तं तिची अडचण मी होऊ देईन का? इथं गेट बसवतो. माझ्या अंगणातून जायचं, यायचं. फक्त आवाज द्यायचा, मी उघडतो. न्हाई थोडंच म्हणनार हाये.”

“आन म्या आवाज दिल्यावर,” आई म्हणाली, “तू ओ न्हाई दिली, तं?”

धर्मराज हसला. “असं कसं होईल, काकू? मानूस हाये मी.”

“मान्सालाच इचारते.” ती रेघ ओलांडून आत गेली. ओलांडताना तिनं लुगडं घोट्यापासून किंचित वर उचललं, पाण्यातून जाताना उचलतात तसं.

तो मात्र रेघेपाशीच राहिला. आईची ती साधी शंका त्याच्या छातीत विटेसारखी येऊन बसली होती. त्याला दिसलं: पावसाळ्यातली सकाळ, गेटच्या आत आई, सदुसष्ट वर्षांची, दवाखान्यात निघालेली, हाक मारतेय. एकदा. दुसऱ्यांदा. आणि गेटच्या बाहेर खुर्चीवर कोणीतरी बसलंय, ऐकतंय, आणि घड्याळात बघतंय. त्या माणसाचा चेहरा धर्मराजचा नव्हता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती.

दुपारभर तो बोळीत येरझाऱ्या घालत राहिला; चार वाजून पस्तीस मिनिटांनी वकिलांचा फोन आला. बोळीत आवाज नीट येत नाही म्हणून तो दोन पावलं मागे, सडकेच्या बाजूला गेला. आता रेघ त्याच्या आणि घराच्या मध्ये होती. “बोला, सर. काय लिहू? ताप लिहू का?”

“मी तिथं होतो, वकीलसाहेब. बाकावर बसलो होतो. फोटो आहे एकाकडे.”

“फोटो? कोर्टातला? आजचा? वेळ दिसते त्याच्यात?”

“दिसते. हाक आली तेव्हाचाच आहे. मी ऐकली. मला—” त्यानं शब्द शोधला. “मला लाज वाटली.”

“लाज वाटली हे पुरेसं कारण होत न्हाई, सर, कायद्यात,” अण्णासाहेब म्हणाले. पण त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. “अहो, पण हे तं लय बरं झालं! ताप कशाला मंग? ‘वादी आवारात हजर होता, परंतु गर्दीमुळे पुकारा ऐकू आला नाही.’ फोटो जोडू. हे चालतं सर, शंभर वेळा चाललंय. दावा उभा राहतो, जैसे थे बी मागू पुन्हा. भिंत थांबल. तुम्ही फक्त शपथपत्रावर सही करायची, की हाक ऐकू आली न्हाई.”

“पण शिपाई समोर आला होता. त्यानं मला विचारलं. मी—”

“दिवसाला दोनशे जणांना विचारतो तो. त्याला काय ध्यानात राहतंय? लिहू ना असं?”

विटांचा आवाज थांबला होता. मजुरांचा चहा झाला असावा. धर्मराज कप हातात धरून त्याच्याकडे बघत होता, ऐकू येत नसलेल्या अंतरावरून. हाक ऐकू आली नाही. हे लिहून द्यायचं, शपथेवर, पूर्ण नावानं. पंचवीस वर्षं तो हेच तर लिहून देत आला होता, फक्त खाली सही नव्हती. सही केली तर आईची वाट राहील. सही केली तर ती हाक कधी झालीच नाही. त्याला वाटलं, आपण नाही म्हणायला हवं, आणि मग वाटलं, ‘नाही’ तर आपण सकाळीच म्हणालो.

“कचरू!” घरातून आईची हाक आली.

त्याचे पाय आपोआप ताठ झाले. पहिली.

“सर? हॅलो? लिहू ना?”

“कचरूऽ!” दुसरी. दार दिसत होतं, दारात ती नव्हती. नुसता काळोखाचा चौकोन, आणि त्यातून आलेलं ते नाव, उकिरड्यावरून उचलून आणलेलं.

“ऐकू येतंय ना, सर? रेंज न्हाई का तिकडं? मी लिहून घेऊ, का न्हाई, एवढं सांगा, पाच मिनिटांत क्लार्क घरी जाऊन राह्यला—”

“कचरूऽऽ!”

“ओ!” तो ओरडला. बोळभर, अंगणभर, सडकेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. धर्मराजच्या हातातला चहा हिंदकळला.

“हो ना? बस्स,” वकील फोनमध्ये म्हणाले. “ठरलं मंग. असंच लिहितो. उद्या साडेदहाला सहीला या.” फोन बंद झाला. त्यानं लगेच उलट फोन लावला. लागत होता. मग लागेनासा झाला.

त्यानं खाली पाहिलं. ‘ओ’ देताना तो पुढे आला होता. उजवा पाय रेघेवर होता, चपलेच्या पट्ट्याला, बोटांना पांढरी फक्की लागली होती, आणि तेवढ्या जागी रेघ तुटली होती. मजुरानं कप खाली ठेवला, फक्कीचा डबा उचलला आणि तो पाय काढायची वाट बघत उभा राहिला.

आई दारात आली होती. कपाळावर हात धरून ती उन्हातून त्याला शोधत होती, जणू तो फार लांब उभा होता.

“कव्हाची हाका मारून राह्यले,” ती म्हणाली. “ऐकू येत न्हाई का रं तुला?”